मोबाईल होमच्या टायटलचा गुंता सोडवणारं एस्क्रो ऑफिस : माझा साडेचार महिन्यांचा अनुभव

सॅन होजेत येऊन मला २७ वर्षं झाली, त्यातली २६ भाड्याच्या घरात गेली. डे-केअरमध्ये मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या पगारात इथे साधा काँडोसुद्धा परवडत नाही. हे गेल्यावर विम्याचे आणि साठवलेले मिळून ८० हजार डॉलर हाताशी होते. मुलगा पोर्टलंडला असतो. "आई, इकडेच ये," म्हणून तो मागे लागला होता, पण माझी नोकरी इथे, माझी माणसं इथे. तेवढ्यात ५५ च्या पुढच्या लोकांसाठी असलेल्या एका मोबाईल होम पार्कात दोन बेडरूमचं, मागे लिंबाचं झाड असलेलं घर दिसलं. किंमत २ लाख ५ हजार डॉलर. सव्वा लाखाचं कर्ज काढायचं ठरलं.

घर विकून देणारा डीलर म्हणाला, महिन्याभरात किल्ली हातात. लागले साडेचार महिने. तरीही मी आज पाचपैकी साडेचार तारे द्यायला बसले आहे. ते डीलरला नाहीत आणि कर्ज देणाऱ्यांनाही नाहीत. ते मधल्या एस्क्रो ऑफिसला, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत दोन्ही बाजूंचे पैसे आणि कागद सांभाळणाऱ्या मध्यस्थाला आहेत, कारण ते नसतं तर हे घर माझ्या नावावर झालंच नसतं.

ऑफिसचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. आई आणि मुलगी अशा दोघीच ते चालवतात. थोरल्या बाईंनी मला सांगितलं होतं की फोन वाढले तर हातातल्या फायलींकडे दुर्लक्ष होतं. ज्यांना खरंच गरज असेल त्यांनी मला विचारावं, मी पत्ता देईन.

आधी थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यात बांधून, चाकांवर ओढून आणून बसवलेलं घर म्हणजे हे. १५ जून १९७६ ला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा बांधणीचा नियम लागू झाला. त्यानंतर बांधलेल्या घराला कायद्यात मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात, आधीच्याला मोबाईल होम. बोलताना मात्र सगळे मोबाईल होमच म्हणतात. पार्कात जागा पार्कमालकाची असते, आपण तिचं महिन्याचं भाडं भरतो, आणि घर तेवढं आपलं. त्यामुळे कॅलिफोर्नियात असं घर जंगम मालमत्ता धरलं जातं. त्याचा दस्त काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्डर ऑफिसात नसतो. राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, ज्याला इथे सगळे एचसीडी म्हणतात, त्याचं टायटल असतं. अगदी गाडीच्या आरसी बुकासारखं. पूर्वी हे काम गाड्यांची नोंदणी करणाऱ्या डीएमव्ही खात्याकडेच होतं.

त्या टायटलवर दोन ओळी महत्त्वाच्या. एक 'रजिस्टर्ड ओनर' आणि दुसरी 'लीगल ओनर'. नाव ऐकून वाटतं की लीगल ओनर म्हणजे खरा मालक. तसं नाही. लीगल ओनर म्हणजे ज्याचं कर्ज त्या घरावर आहे तो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो, तसा. माझ्या वडिलांनी कराडजवळच्या आमच्या शेतावरचं सोसायटीचं कर्ज कधीच फेडलं होतं, पण बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे कोणी गेलं नाही. भावाने शेत वाटून घ्यायचं ठरवलं तेव्हा तो बोजा तसाच्या तसा उभा होता. हे मला आठवत होतं, म्हणून एस्क्रोच्या बाईंनी पहिल्याच दिवशी जे दाखवलं ते मला लगेच उमगलं.

ऑफिस स्टोरी रोडच्या आतल्या बाजूला, एका नेल सलूनच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन टेबलं, भिंतभर फायली. डीलरने मला रजिस्ट्रेशन कार्डाची झेरॉक्स देऊन "सगळं क्लिअर आहे" असं सांगितलं होतं. थोरल्या बाईंनी ती झेरॉक्स बाजूला ठेवली आणि एचसीडीकडून मागवलेला टायटल सर्च, म्हणजे घराच्या नोंदींचा उतारा, समोर घेतला. स्टीलची पट्टी घेऊन एकेका ओळीखाली धरत त्यांनी तो वाचला. मोठ्याने. माझ्याकडूनही वाचून घेतला. चार ठिकाणी पेन्सिलने टिंब केलं, आणि म्हणाल्या, "हे चार ठिपके पुसले गेले की घर तुमचं. त्याआधी घाई करू नका, आणि कोणाला एस्क्रोबाहेर पैसे देऊ नका."

डीलरमार्फत घर घेतलं तर कॅलिफोर्नियात एस्क्रो कायद्यानेच लागतो. दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारात तो सक्तीचा नाही, आणि पैसे वाचवायला लोक तो टाळतात. माझी कळकळीची विनंती आहे, टाळू नका.

पहिला ठिपका मालकांच्या नावांमध्ये होता. घर एका जोडप्याचं. वडील २०११ मध्ये गेले, आई आदल्या ऑक्टोबरमध्ये. विकणारी त्यांची मुलं, बहीण इथली आणि भाऊ ओहायोत. टायटलवर दोघांच्या नावांपुढे बारीक अक्षरात 'टेनकॉम अँड' (म्हणजे सामाईक मालकी) असं लिहिलेलं. तिथे 'ऑर' असतं तर दोघांपैकी एकाच्या सहीवर काम झालं असतं. 'अँड' असलं की दोघांच्याही सह्या लागतात, आणि इथे दोघेही हयात नाहीत. वडील गेले तेव्हा कोणी टायटल बदललंच नव्हतं. कोर्टात प्रोबेटला, म्हणजे मयताची मालमत्ता वारसांच्या नावावर करून घ्यायला, जायचं तर वर्ष गेलं असतं. बाईंनी सांगितलं की मृत्यूला ४० दिवस उलटले असतील आणि बाकीच्या मालमत्तेसाठीही प्रोबेटची गरज नसेल, तर वारसांना एचसीडीच्या एका फॉर्मवर, प्रोबेटशिवाय, घर नावावर करून घेता येतं. त्यांनी दोघांसाठी दोन वेगळे फॉर्म भरले, मृत्यूचे दाखले जोडले, ओहायोला कुरिअर पाठवलं. भावाने एका जागी सही करायची राहून परत पाठवलं, ते पुन्हा पाठवलं. यात तीन आठवडे गेले.

दुसरा ठिपका लीगल ओनरच्या ओळीत. १९८४ मध्ये त्या जोडप्याने नवं घर घेताना एका सेव्हिंग्ज अँड लोन (ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या) संस्थेचं कर्ज घेतलं होतं, आणि ४० वर्षांनीही टायटलवर तिचंच नाव. ती संस्था १९९० मध्ये बुडाली. तो काळच तसा होता. १९८६ ते १९९५ या दहा वर्षांत अमेरिकेत अशा हजाराहून जास्त संस्था बंद पडल्या. त्यांचा निकाल लावायला १९८९ मध्ये सरकारने रिझोल्यूशन ट्रस्ट कॉर्पोरेशन काढलं आणि १९९५ च्या अखेरीस ते बंद झाल्यावर उरलेलं काम एफडीआयसीकडे, म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे आलं. म्हणून बुडालेल्या संस्थेचा बोजा सोडवायचा असेल तर अर्ज एफडीआयसीकडे करायचा. संस्था न बुडता दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर मात्र त्या बँकेकडे जावं लागतं. हा फरक डीलरला माहीत नव्हता. तो तिसऱ्याच बँकेला पत्रं पाठवत बसला होता.

पण अर्जाला पुरावा लागतो, कर्ज फिटल्याचा. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाबांनी १९८९ मध्ये सगळं फेडलं होतं, आई नेहमी सांगायची. कागद मात्र माहीत नाही." एका शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. गॅरेजमध्ये त्यांच्या वडिलांची कागदांची सहा खोकी होती. आम्ही दोघी जमिनीवर बसून एकेक पाकीट उघडत होतो. जुनी लाइट बिलं, डिशवॉशरची वॉरंटी, मुलांची रिपोर्ट कार्डं. चौथ्या खोक्यात पिवळट पडलेली प्रॉमिसरी नोट, म्हणजे कर्ज फेडण्याचं लेखी वचन, निघाली. शिक्का कुठेच नाही. मी निराश झाले होते. त्यांनी ती सहज उचलून दाराच्या उजेडाकडे धरली आणि आम्ही दोघी गप्प झालो. कागदाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढी भोकं पाडून अक्षरं कोरलेली होती. 'पेड', आणि खाली तारीख, मे १९८९. कागद टेबलावर ठेवला की काहीच दिसत नव्हतं, उजेडाला धरला की सगळं वाचता येत होतं. त्या बाई रडल्या. वडिलांनी खरंच फेडलं होतं.

सोमवारी मी ती नोट थोरल्या बाईंना दाखवली. त्यांनी काळा कागद मागे धरून फोटो काढला, म्हणजे भोकं स्पष्ट यावीत. नुसत्या झेरॉक्समध्ये ती उमटली नसती, आणि अर्ज परत आला असता. अशा बारकाव्यांसाठी मी हे ऑफिस चांगलं म्हणते. पाचेक आठवड्यांनी एफडीआयसीचं बोजा सोडल्याचं पत्र आलं.

तिसरा ठिपका सिरियल नंबरवर. घर डबल-वाइड आहे, म्हणजे दोन अर्धे तुकडे आणून जोडलेलं, आणि दोघांना वेगवेगळा नंबर. टायटलवर एका नंबरात शेवटी ८ आकडा होता. बाईंना संशय आला की तो 'बी' असणार, कारण दुसऱ्या अर्ध्याचा नंबर 'ए' ने संपत होता. खरा नंबर असतो घराखालच्या लोखंडी सांगाड्याच्या सगळ्यात पुढच्या आडव्या पट्टीवर, ठोकून उमटवलेला. त्या म्हणाल्या, "खडू चोळा, फोटो काढा, पेन्सिलने छापही घ्या." शेजारच्या काकांनी स्कर्टिंगचा, म्हणजे घराखालची पोकळी झाकणारा, एक पत्रा काढून दिला. मी टॉर्च घेऊन आडवी झाले. पट्टीवर ४० वर्षांचा गंज आणि रंग. घरात खडू नव्हता, पण दिवाळीची रांगोळी होती. तारेच्या ब्रशने गंज काढून चिमूटभर रांगोळी बोटाने चोळली, आणि बोटाच्या नखाएवढी अक्षरं एकेक करून पांढरी उठून आली. शेवटचं अक्षर 'बी' होतं. तोच फोटो दुरुस्तीच्या अर्जासोबत गेला.

चौथा ठिपका लाल पट्टीचा. १९७६ नंतरच्या घराच्या प्रत्येक तुकड्याला बाहेरून ॲल्युमिनियमची छोटी लाल पट्टी रिबिटं मारून लावलेली असते, तिच्यावर प्रमाणपत्राचा नंबर. माझ्या घराच्या मागच्या भागाला ती होती, पुढच्या भागाची कधीतरी बाहेरच्या भिंतींना नवीन साइडिंगचं आवरण बसवताना गेली होती. कर्ज देणाऱ्यांना दोन्ही नंबर हवेत. पट्टी हरवली तर सरकार नवी देत नाही. आयबीटीएस नावाची संस्था जुन्या नोंदींवरून नंबर पडताळून पत्र देते, तेच चालतं. यासाठी घरातला डेटा प्लेटचा, म्हणजे कारखान्याने घराची माहिती लिहून लावलेला, कागद कामी आला. तो बेडरूमच्या कपाटाच्या आतल्या भिंतीला चिकटवलेला होता. तुमच्या घरात तो दिसला तर त्यावर रंग मारू नका.

आता कर्ज. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ आणि मनःस्ताप गेला. पहिल्या कर्ज कंपनीने पाच आठवडे माझे कागद घेतले. पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न, सगळं. मग जमिनीचा दस्त मागितला. जमीन पार्कची आहे हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. शेवटी त्यांनी कळवलं की भाड्याच्या जागेवरच्या घराला आम्ही कर्जच देत नाही. दोन मिनिटांच्या फोनवर सांगता आलं असतं ते सांगायला पाच आठवडे. थोरल्या बाईंनी मला एक वाक्य लिहून दिलं, ते मी पुढच्या प्रत्येक फोनवर पहिल्या मिनिटाला वाचलं : "घर १९८४ चं आहे, डबल-वाइड, पार्कात भाड्याच्या जागेवर, एचसीडीत नोंदलेलं. याला कर्ज देता का?" चौथ्या फोनला एक क्रेडिट युनियन (आपल्याकडच्या पतपेढीसारखी संस्था) हो म्हणाली. घरगुती मॉर्गेजपेक्षा व्याज जास्त आणि मुदत २० वर्षं. हे जंगम मालावरचं कर्ज असतं, त्यामुळे तसंच मिळतं. माझ्या पगारात जागाभाडं धरून ते बसत होतं. सॅन होजे शहराच्या नियमाने जुन्या पार्कांतलं जागाभाडं वर्षाला महागाईच्या ७५ टक्के, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ टक्केच वाढवता येतं, हेही बाईंनी क्रेडिट युनियनला लेखी कळवलं.

आणि मग आलं नाव. पासपोर्टवर माझं नाव, ह्यांचं नाव, आडनाव. लायसन्सवर ह्यांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नावच नाही. क्रेडिट युनियनच्या माणसाला वाटलं की मधलं नाव पुरुषाचं दिसतं, म्हणजे हा दुसरा कर्जदार आहे. त्यांनी ह्यांची सही मागितली. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ते ईमेल वाचून मी फोन बंद करून बसले. संध्याकाळी थोरल्या बाईंनी स्वतःहून फोन केला. म्हणाल्या, "तुमच्याकडे बायकांची नावं कशी असतात ते मला पाच ओळींत लिहून द्या." मी लिहून दिलं की आमच्याकडे मधल्या जागी आधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावतात. त्यांनी ते टाइप केलं, 'या सगळ्या नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र बनवलं, नोटरीसमोर माझी सही घेतली आणि तीन ओळखपत्रांच्या प्रती लावून पाठवलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न मिटला. मराठी बायकांनो, कर्जाच्या अर्जाआधीच हे प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आणि सगळ्या अर्जांवर नाव लायसन्सवर आहे तसंच लिहा.

पार्कची मंजुरी सोपी निघाली. अर्ज पूर्ण दिला की १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि त्यांनी चौदाव्या दिवशी दिलं.

आणखी एक गोष्ट ऑफिसच्या बाजूने सांगायलाच हवी. डीलरच्या खर्चाच्या अंदाजात साडेतीन हजार डॉलर विक्रीकर लावला होता. धाकट्या बाईंनी तो खोडला. १ जुलै १९८० नंतर नवं म्हणून विकलं गेलेलं घर काउंटीच्या मालमत्ता कराखाली येतं आणि ते जुनं होऊन पुन्हा विकलं गेलं तर त्याला विक्रीकर लागत नाही. एस्क्रोची माझ्या वाट्याची फी ११०० डॉलर होती. ती त्या एका रेघेत निघाली.

अर्धा तारा का कापला तेही सांगते. घर हस्तांतरित व्हायला काउंटीच्या कर खात्याचा करभरणा दाखला लागतो आणि त्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते. ऑफिसने तो फार आधी मागवला, एफडीआयसीचं पत्र यायच्या आत त्याची मुदत संपली, आणि दुसरा काढेपर्यंत दहा दिवस गेले. त्यात व्याजदराची हमी संपली आणि ती वाढवायला मला ४०० डॉलर भरावे लागले. थोरल्या बाईंनी चूक मान्य केली आणि नोटरीचे पैसे घेतले नाहीत. गीझरला भूकंपाचे पट्टे आणि धुराचा अलार्म असल्याचं विक्रेत्याचं लेखी मात्र त्यांनी बरोबर शेवटी घेतलं, कारण ते हस्तांतराच्या आधीच्या ४५ दिवसांतलं लागतं. मग कर दाखल्याचंच का चुकलं, असं मी त्यांना विचारलंही. शिवाय ईमेलला उत्तर यायला तीन-तीन दिवस लागतात. फोन केला तर लगेच उचलतात, तेव्हा फोनच करा.

२८ मे ला व्यवहार पूर्ण झाला. त्या दिवशी बाईंनी पहिल्या दिवशीचा तोच टायटल सर्च काढला, चारही ठिपके खोडरबराने पुसले आणि कागद मला दिला. रजिस्ट्रेशन कार्ड नंतर टपालाने आलं. त्यावर रजिस्टर्ड ओनर म्हणून माझं पूर्ण नाव आहे, ह्यांच्या नावासकट. टायटल कर्ज फिटेपर्यंत क्रेडिट युनियनकडे राहील. शेवटचा हप्ता भरल्यावर त्यांच्याकडून बोजा सोडल्याचा फॉर्म सही करून घेऊन एचसीडीला पाठवायचा आहे. ते मी एका पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून, मुलाला दाखवून, कपाटात डेटा प्लेटच्या खालच्या फळीवर ठेवलं आहे.

जाणार असाल तर मंगळवार ते गुरुवार जा. सोमवारी आणि शुक्रवारी गर्दी असते. गाडी मागच्या गल्लीतून आत घ्या, पुढे जागा मिळत नाही. बरोबर घराच्या दोन्ही सिरियल नंबरांचे फोटो न्या. रांगोळीने काढलेले असतील तर बाईंना ते ओळखता येतात, आता त्यांच्या टेबलाच्या खणात माझी एक पुडी आहे.